पी. पी. नंबरावरचे इंटरनेट

इंटरनेटवरून दूरध्वनी करणाऱ्या पहिल्या पिढीला एक चमत्कारिक अनुभव चांगलाच परिचयाचा आहे. घंटा वाजे, पलीकडचा माणूस फोन उचले, त्याचा आवाज स्वच्छ ऐकू येई. पण आपले बोलणे मात्र त्याच्यापर्यंत पोहोचत नसे. तो ‘हॅलो, हॅलो’ करीत राही आणि आपण हताशपणे ते ऐकत राहू. २००९ सालच्या हिवाळ्यात प्रयोगशाळेतील संगणकावरून मी घरी असाच एक फोन लावला होता. शस्त्रक्रियेनंतर आजी नुकतीच घरी आली होती. भावाने संगणक तिच्या खाटेजवळ नेऊन ठेवला. “जेवलीस का गं?” असे तिने विचारले. मी उत्तर दिले. तिने पुन्हा विचारले. मी पुन्हा उत्तर दिले. मग “पोरगी बोलत का नाही रे?” असे ती भावाला विचारत असल्याचेही मला स्पष्ट ऐकू आले. माइकचा दोष असेल असे समजून आम्ही तारा काढून पुन्हा लावल्या. दोष माइकचा नव्हता.

या दोषाचे मूळ त्याच्या पंधरा वर्षे आधी, १९९४ साली लिहिल्या गेलेल्या एका दहा पानी दस्तऐवजात होते. विशेष म्हणजे तो लिहिणाऱ्यांनी आपल्या उपायाचे दुष्परिणाम त्याच दहा पानांत नोंदवून ठेवले होते. एका तात्पुरत्या उपायाने जगाच्या संपर्कव्यवस्थेला कशी कायमची वळणे दिली आणि त्यातून आवाजाला वाट काढून देण्यासाठी अभियंत्यांना पुढची दोन दशके काय काय करावे लागले, त्याचा हा इतिहास. भारतातील विद्यार्थ्यांनी तो जाणून घ्यावा, कारण त्याचा शेवटचा अंक आपल्याच देशात मोठ्या प्रमाणावर घडतो आहे.

प्रथम मूळ रचना पाहू. इंटरनेटवर माहिती लहान लहान तुकड्यांत प्रवास करते. या तुकड्याला पॅकेट म्हणतात. आपण त्याला पाकीटच म्हणू, कारण पोस्टाच्या पाकिटाशी त्याचे साम्य फार खोलवरचे आहे. पाकिटावर दोन पत्ते असतात, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. सप्टेंबर १९८१ मध्ये आयपी या प्रोटोकॉलची जी चौथी आवृत्ती निश्चित झाली, तिच्यात प्रत्येक पत्त्यासाठी ३२ बिट राखले गेले. म्हणजे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६. सुमारे ४२९ कोटी. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला या रचनेत एक सुंदर सममिती दिसेल. जाळ्यातील कोणतेही दोन बिंदू समान दर्जाचे. ‘अ’ला ‘ब’शी बोलता येत असेल, तर ‘ब’लाही ‘अ’शी संभाषण सुरू करता आले पाहिजे. मधली यंत्रे पाकीट केवळ पुढे ढकलतात. ते फोडत नाहीत आणि त्यावरचे पत्ते खोडत नाहीत.

पाकिटांतून आवाज पाठवण्याची कल्पना या चौथ्या आवृत्तीहूनही जुनी आहे. डॅनी कोहेन यांनी १९७३च्या सुमारास आवाजासाठी एक प्रोटोकॉल रचला आणि १९७४ साली अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाची माहितीशास्त्र संस्था आणि एमआयटीची लिंकन प्रयोगशाळा यांच्या दरम्यान पाकिटांच्या रूपात बोलणे पोहोचले. त्या काळी जाळे संथ होते, संगणक दुबळे होते, आवाज दाबून लहान करण्याचे तंत्र बाल्यावस्थेत होते. या सर्व अडचणी काळाने दूर केल्या. मात्र एक अडचण कोहेन यांना नव्हती आणि आपल्याला आहे : त्यांच्या जाळ्यावर प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता होता.

१९९०च्या दशकाच्या आरंभी हे चित्र पालटू लागले. पत्त्यांचे वाटप सढळ हाताने झाले होते. एकट्या एमआयटीकडे १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते होते. वर्ल्ड वाइड वेबमुळे जोडण्यांची संख्या झपाट्याने वाढू लागली आणि पत्ते संपणार हे गणित स्पष्ट दिसू लागले. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संघटनेत दोन दिशांनी काम सुरू झाले. लांबचा मार्ग नव्या, प्रशस्त पत्त्यांचा होता. त्यातून डिसेंबर १९९५ मध्ये सहाव्या आवृत्तीचा, म्हणजे आयपीव्ही६चा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. जवळचा मार्ग मे १९९४ मध्ये शेल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी मांडला. आरएफसी १६३१ या क्रमांकाचा तोच तो दहा पानी दस्तऐवज. उपायाचे नाव नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन, संक्षेपाने नॅट.

नॅट समजून घ्यायला आपल्याकडे एक नेमकी आठवण उपलब्ध आहे. घरोघरी दूरध्वनी नव्हते त्या काळी व्हिजिटिंग कार्डावर किंवा लग्नपत्रिकेत एखाद्या क्रमांकापुढे ‘पी. पी.’ अशी अक्षरे छापलेली असत. फोन शेजाऱ्याचा, निरोप आमचा. आपल्याला बाहेर फोन करायचा असेल तर काम सोपे होते, शेजाऱ्याकडे जाऊन क्रमांक फिरवायचा. बाहेरून आपल्याला फोन आला तर मात्र सगळा भार शेजाऱ्यावर. तो कोणासाठी आहे हे त्याला कळले पाहिजे आणि त्याने गॅलरीतून हाक मारली पाहिजे. चाळीतल्या वीस बिऱ्हाडांचा मिळून एकच क्रमांक, तशी ही व्यवस्था.

नॅट करणारे यंत्र, म्हणजे सामान्यतः आपल्या घरचा राउटर, हा तो शेजारी आहे. घरातील संगणकांना तो खासगी पत्ते देतो. फेब्रुवारी १९९६ मध्ये अशा पत्त्यांचे तीन गट अधिकृतपणे राखून ठेवले गेले, १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता आज जवळजवळ प्रत्येक घरात सापडतो. हे पत्ते लाखो घरांत एकाच वेळी वापरले जातात, म्हणून बाहेरच्या जगात त्यांना काहीच अर्थ नसतो. आतून एखादे पाकीट बाहेर निघाले की राउटर त्यावरचा पाठवणाऱ्याचा खासगी पत्ता खोडतो, तिथे स्वतःचा सार्वजनिक पत्ता लिहितो, सोबत एक पोर्ट क्रमांक घालतो आणि वहीत नोंद करतो : या पोर्टवर उत्तर आले तर ते आतल्या अमुक यंत्राला द्यायचे. पोर्ट १६ बिटांचा असल्याने ६५,५३६ क्रमांक उपलब्ध असतात आणि एका पत्त्यावर संपूर्ण कार्यालय चालू शकते.

संकेतस्थळे पाहण्यासाठी ही व्यवस्था उत्तम चालते, कारण तिथे संभाषणाची सुरुवात नेहमी आतूनच होते. दूरध्वनीचा स्वभाव नेमका उलटा आहे. फोन या वस्तूचे अर्धे सार्थक कोणीतरी आपल्याला हाक मारावी, यात आहे. बाहेरून अनाहूत पाकीट आले की नॅट वही उघडतो, नोंद सापडत नाही, आणि पाकीट टाकून देतो. आपला जुना शेजारी निदान “कोण हवंय?” असे विचारत तरी असे.

तरीही केवळ एवढीच अडचण असती तर ती लवकर सुटली असती. खरी गुंतागुंत इंटरनेट दूरध्वनीच्या स्वतःच्या घडणीत होती. फेब्रुवारी १९९५ मध्ये इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने ‘इंटरनेट फोन’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणले. जानेवारी १९९६ मध्ये आवाज वाहून नेणारा आरटीपी हा प्रोटोकॉल ठरला; त्याच वर्षी दूरसंचार क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनेने एच.३२३ ही प्रमाणमालिका दिली. आणि मार्च १९९९ मध्ये आयईटीएफने सिप हा प्रोटोकॉल प्रसिद्ध केला. कोलंबिया विद्यापीठाचे हेनिंग शुल्झरिन हे त्याच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक. जून २००२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली आणि आजही जगातील बहुतांश दूरध्वनी कंपन्यांच्या जाळ्यांचा कणा तीच आहे.

सिपमध्ये कामाची वाटणी आहे. घंटा वाजवणे, फोन उचलणे, ठेवणे ही बोलाचाली सिप करतो. प्रत्यक्ष आवाज आरटीपीच्या वेगळ्या पाकिटांतून, वेगळ्या पोर्टवरून आणि शक्य तर थेट दोन फोनांच्या दरम्यान जातो. त्यासाठी प्रत्येक फोन दुसऱ्याला सिपच्या संदेशातून कळवतो की, माझा आवाजाचा पत्ता अमुक आणि पोर्ट तमुक. इथेच घात होतो. नॅट पाकिटावरचा पत्ता बदलतो. पाकिटाच्या आत ठेवलेल्या पत्राला तो हात लावत नाही. ‘माझ्या या पत्त्यावर उत्तर पाठवा’ असे आतल्या पत्रात लिहिलेले असते आणि तो पत्ता खासगी असतो. आमच्या घरच्या संगणकाने त्या संध्याकाळी मला १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता कळवला होता. माझा संगणक इमानेइतबारे माझा आवाज त्या पत्त्यावर पाठवत राहिला. आमच्या घराबाहेरच्या जगात तो पत्ता अस्तित्वातच नव्हता. माझ्या संगणकाला मात्र स्वतःचा सार्वजनिक पत्ता होता, म्हणून आजीचा आवाज मला येत होता. एकाच बाजूने ऐकू येण्याच्या त्या गूढाचे उत्तर इतके साधे आहे.

असे होणार हे कोणाला कळत नव्हते असे नाही. फाइल पाठवण्याचा एफटीपी हा जुना प्रोटोकॉलही संदेशाच्या आत पत्ता लिहितो आणि आरएफसी १६३१मध्येच त्याचा अपवाद म्हणून उल्लेख आहे. नॅटचे नकारात्मक गुणधर्म पाहता तो दीर्घकालीन उपाय म्हणून अयोग्य आहे, कदाचित अल्पकालीन उपाय म्हणूनही, अशी कबुली त्या लेखकांनी दिली होती. पण मधल्या काळात नॅटचा प्रसार झाला तो कोणाच्या परवानगीची वाट न पाहता. १९९९ साली विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत एक जोडणी अनेक संगणकांत वाटून घेण्याची सोय आली, मग घरगुती राउटर स्वस्त झाले. प्रत्येक घराने, प्रत्येक कार्यालयाने आपापल्या सोयीचा निर्णय घेतला आणि त्या सर्व निर्णयांची बेरीज मूळ सममिती मोडण्यात झाली.

भारतात या कथेला आणखी एक पदर आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, पण इंटरनेटवरून दूरध्वनी करण्यास आपल्याकडे मनाई होती. ती उठून मर्यादित स्वरूपाची परवानगी मिळाली १ एप्रिल २००२ रोजी. म्हणजे कायद्याने दार उघडले आणि सिपची सुधारित आवृत्ती आली, या दोन घटनांत जेमतेम दोन-तीन महिन्यांचे अंतर आहे. सायबर कॅफेंमध्ये हेडफोनांच्या रांगा लागल्या. अमेरिकेतील मुलाशी, आखातातील नवऱ्याशी बोलायला माणसे तिथे येऊ लागली. एका जोडणीमागे दहा-दहा संगणक, म्हणजे नॅट अपरिहार्यच. कायद्याचा अडसर दूर झाला होता. वहीत नोंद नसलेली पाकिटे टाकून देणारा शेजारी मात्र जागेवरच होता.

यावर पहिला उपाय राउटर बनवणाऱ्यांनी काढला. राउटरनेच पाकीट फोडावे, आतले सिपचे पत्र वाचावे आणि त्यातील खासगी पत्ताही बदलावा. कागदावर ही युक्ती ठीक दिसते. प्रत्यक्षात पत्ता बदलला की संदेशाची लांबी बदलते, ती लांबी संदेशातच दुसऱ्या ठिकाणी लिहिलेली असते. एक ठिकाण सुधारले आणि दुसरे राहिले की फोन तुटतो. शिवाय संदेश सांकेतिक लिपीत बंद केला असेल तर राउटरला तो वाचताच येत नाही. वाचता येऊ नये हाच तर त्या बंदिस्तपणाचा हेतू असतो. मदतीसाठी घातलेली ही सोय इतकी तापदायक ठरली की इंटरनेट फोनची तक्रार आली की राउटरमधील सिपची मदतसोय आधी बंद करा, असा सल्ला तंत्रज्ञ आजही देतात.

दुसरा उपाय मार्च २००३ मध्ये आला. त्याचे नाव स्टन. कल्पना मोठी मार्मिक होती : फोनने बाहेरच्या एका सर्व्हरला पाकीट पाठवून विचारायचे, ‘तुला माझा पत्ता काय दिसतो?’ सर्व्हर पाकिटावरचा, म्हणजे नॅटने लिहिलेला पत्ता वाचून कळवतो आणि फोन तोच पत्ता पुढे आपल्या सिपच्या पत्रात लिहितो. जणू स्वतःचा चेहरा पाहायला आरसा मागणे. स्टनच्या रचनाकारांनी नॅटचे चार प्रकार पाडले होते. त्यांतील तिघांच्या बाबतीत आरसा खरा चेहरा दाखवतो. चौथा प्रकार मात्र प्रत्येक नव्या गंतव्यासाठी नवा पोर्ट वहीत मांडतो. सर्व्हरला दिसलेला पत्ता केवळ सर्व्हरपुरताच खरा. मित्राच्या फोनला तो उपयोगाचा नाही. मापन केले, पण जे मोजले ते मोजणाऱ्यावर अवलंबून होते. भौतिकशास्त्रात वावरणाऱ्या माझ्यासारखीला ही अडचण वाचून हसू आल्याखेरीज राहिले नाही.

पुढे असे दिसले की बाजारातील नॅट या चार कप्प्यांत बसतच नाहीत. एकच यंत्र भार वाढला की वेगळे वागू लागते. काही नॅट त्याहूनही अतिउत्साही निघाले. पाकिटाच्या आत कुठेही आपला सार्वजनिक पत्ता दिसला की ते तो बदलून खासगी करून टाकत, त्यामुळे स्टनचे उत्तर फोनपर्यंत पोहोचेतो खोटे होऊन जाई. ऑक्टोबर २००८ मध्ये स्टनची नवी आवृत्ती आली तेव्हा तिच्यात हा पत्ता एका ठरावीक संख्येशी मिसळून, वेश बदलून पाठवण्याची सोय करावी लागली. निरोप्याला कळू नये म्हणून निरोप उलट्या अक्षरांत लिहावा, तसा हा प्रकार. त्याच आवृत्तीत चार प्रकारांचे वर्गीकरण सोडून देण्यात आले आणि नावाचे आद्याक्षर तेच ठेवून त्यातील ‘साधे’ या अर्थाचा शब्द काढून टाकण्यात आला. अभियंत्यांच्या दस्तऐवजांत विनोद क्वचितच आढळतो. हा बहुधा अनवधानाने झाला असावा.

याच्या जोडीला आणखी एक युक्ती विकसित झाली, भिंतीला भोक पाडण्याची. दोन्ही फोन नॅटच्या मागे आहेत असे समजा. एका मध्यस्थाकडून दोघांना परस्परांचे बाहेरचे पत्ते कळले. आता दोघांनीही एकाच सुमारास एकमेकांना पाकिटे पाठवायची. पहिले पाकीट पलीकडच्या नॅटकडून बहुधा टाकले जाईल, कारण तिथे नोंद नाही. पण ते जाताना अलीकडच्या वहीत नोंद करून गेले आहे. त्यामुळे पलीकडून निघालेले पाकीट आत येऊ शकते. ब्रायन फोर्ड, प्यदा श्रीसुरेश आणि डॅन केगल यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत तपासलेल्या नॅटपैकी सुमारे ८२ टक्के नॅटवर ही युक्ती यूडीपी पाकिटांसाठी चालली. आकडा मोठा वाटतो. पण पाचातील एक फोन लागणार नसेल, तर त्या वस्तूला कोणी दूरध्वनी म्हणणार नाही. शिवाय पडलेले भोक उघडेही ठेवावे लागते. काही काळ पाकीट गेले नाही की नॅट वहीतील नोंद खोडतो. ही मुदत दोन मिनिटांपेक्षा कमी नसावी असा दंडक २००७ साली घातला गेला, तरी तो सर्वांनी पाळला नाही. म्हणून फोन शांत पडलेला असतानाही थोड्या थोड्या वेळाने एक निरर्थक पाकीट पाठवत राहतो. मोबाइलच्या बॅटरीतून त्याची किंमत आपण देतो.

जिथे काहीच चालत नाही, तिथे उरतो तिसरा मार्ग, टर्न. सार्वजनिक पत्ता असलेला एक सर्व्हर मध्ये उभा करायचा आणि दोघांचा सगळा आवाज त्याच्यामार्फत वाहायचा. हा मार्ग जवळजवळ नेहमी चालतो. पण तो फुकट नाही. दूरध्वनीच्या जुन्या प्रमाणानुसार आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात, दर २० मिलिसेकंदांच्या पाकिटावरील पत्त्यांचा बोजा धरला की ८०. दहा मिनिटांच्या संभाषणात एका दिशेने ६ मेगाबाइट, दोन्ही दिशांनी १२. कोट्यवधी संभाषणांचा हा भार उचलायचा तर जगभर सर्व्हर हवेत, आणि ते उभारण्याची ऐपत मोजक्याच कंपन्यांकडे असते. शिवाय सर्व्हर दूरच्या देशात असेल, तर नागपूरचा आवाज अमरावतीला जाताना समुद्र ओलांडून येतो.

एप्रिल २०१० मध्ये हे सगळे उपाय आइस या नावाच्या एका पद्धतीत बांधले गेले. जोनाथन रोझेनबर्ग हे तिचे शिल्पकार. प्रत्येक फोन आपले सर्व संभाव्य पत्ते गोळा करतो : स्वतःचा खासगी, स्टनने सांगितलेला, टर्नने दिलेला. दोघे या याद्यांची देवाणघेवाण करतात, प्रत्येक जोडी प्रत्यक्ष चालवून पाहतात आणि चालणाऱ्यांतील सर्वांत चांगली निवडतात. नॅट कोणत्या प्रकारचा आहे याचा सिद्धान्त बांधण्याऐवजी प्रयोग करून पाहा, असा हा शहाणपणा आहे. तो यायला जवळपास सात वर्षे गेली आणि त्याच्या दस्तऐवजाने शंभराहून अधिक पाने घेतली. ज्या उपायाचे हे निस्तरणे होते, तो दहा पानांत मावला होता.

या सात वर्षांत जग थांबले नाही. ऑगस्ट २००३ मध्ये स्काइप आले. त्याने प्रमाणांची वाट पाहिली नाही. ज्या वापरकर्त्यांच्या संगणकांना सार्वजनिक पत्ता होता, त्यांनाच नकळत मध्यस्थ बनवून त्याने इतरांची संभाषणे त्यांच्यामार्फत वाहिली. सर्वसामान्यांना पहिल्यांदाच असा इंटरनेट फोन मिळाला, जो काहीही न मांडता-जुळवता लागत असे. पण ऑगस्ट २००७ मध्ये विंडोजच्या सुधारणेनंतर जगभरचे असंख्य संगणक एकाच सुमारास बंद होऊन सुरू झाले, मध्यस्थ नाहीसे झाले आणि ही सेवा सुमारे दोन दिवस कोलमडली. कालांतराने मध्यस्थांची जागा कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरांनी घेतली. सिप हे खुले प्रमाण होते. कोणीही कोणालाही फोन करू शकेल, अशी त्यामागची भूमिका होती. नॅटची भिंत ओलांडण्याचे कसब मात्र बंदिस्त सेवांनी आधी साधले आणि लोक त्यांच्याकडे गेले. आज एका अ‍ॅपवरून दुसऱ्या अ‍ॅपवर फोन लावता येत नाही. याची व्यापारी कारणे पुष्कळ आहेत, पण पाया या भिंतीने घातला, असे मला वाटते.

इंटरनेटच्या रचनेवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाने नोव्हेंबर २००२ मध्येच एक इशारा दिला होता. आपला पत्ता स्वतःच अंदाजाने दुरुस्त करण्याच्या अशा युक्त्या सुचवणाऱ्या प्रत्येकाने त्या युक्तीतून बाहेर पडण्याचा मार्गही सोबत लिहावा, असे त्याचे म्हणणे होते. बाहेर पडण्याचा तो मार्ग म्हणजे आयपीव्ही६. त्यात पत्ता १२८ बिटांचा; एकूण पत्ते सुमारे ३.४ गुणिले १०चा ३८वा घात. प्रत्येक फोनला, प्रत्येक दिव्याला स्वतःचा पत्ता देऊनही ते संपणार नाहीत.

दरम्यान ३ फेब्रुवारी २०११ रोजी चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांचा जागतिक साठा वाटून संपला. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या राखीव गटापर्यंत येऊन ठेपला. म्हणजे भारतातील मोबाइल इंटरनेट खऱ्या अर्थाने पसरले, तेव्हा पत्ते आधीच संपले होते. मग घरच्या राउटरच्या बाहेर सेवा देणाऱ्या कंपनीनेही आणखी एक नॅट बसवला. एप्रिल २०१२ मध्ये यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे ४१,९४,३०४ पत्ते खास राखून ठेवले गेले. चाळीतल्या शेजाऱ्याच्या फोनलाही आता पी. पी. नंबर! पाश्चात्त्य देशांनी सुबत्तेच्या काळात मिळवलेले पत्ते त्यांच्याकडे राहिले. उशिरा आलेल्यांच्या वाट्याला दुहेरी भिंत आली. घरी हवामान मोजणारे छोटे यंत्र बसवून ते महाविद्यालयातून थेट वाचू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आज बहुधा परदेशातील एखाद्या मध्यस्थ सर्व्हरचे भाडे भरावे लागते, त्याचे कारण हेच.

मात्र आपल्या देशाने या बाबतीत एक मोठी झेपही घेतली आहे. दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये आयपीव्ही६च्या प्रसाराचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली. तिच्यात जुन्या पद्धतीचे दूरध्वनीचे जाळे नव्हतेच. बोलणेही पाकिटांतूनच जाणार होते, आणि कोट्यवधी फोनांना पत्ते द्यायचे तर नव्या आवृत्तीवाचून गत्यंतर नव्हते. एपनिक या विभागीय नोंदणी संस्थेच्या मोजमापांत आज भारत आयपीव्ही६च्या वापरात जगातील आघाडीच्या देशांत गणला जातो. देशातील अर्ध्याहून बरेच अधिक वापरकर्ते तो वापरू शकतात. आपण साधा फोन लावतो तेव्हा फोर-जीच्या जाळ्यात घंटा वाजवण्याचे काम १९९९च्या त्याच सिपचा वंशज करीत असतो. टंचाईने ज्यांना सर्वाधिक छळले, त्यांनाच नवी वाट आधी धरावी लागली.

म्हणून सगळे प्रश्न मिटले, असे समजणे घाईचे ठरेल. नॅट नसला तरी अनाहूत पाकिटे अडवणारी फायरवॉल राहते आणि ती राहावीच. तिच्यातून वाट काढायला आइससारखी पद्धत पुढेही लागेल. फरक इतकाच की तेव्हा पत्रातला पत्ता खरा असेल आणि दार उघडायचे की नाही हे टंचाई ठरवणार नाही, घरमालक ठरवेल. नॅटचे श्रेयही नाकारता येणार नाही. ४२९ कोटी पत्त्यांवर त्याहून कितीतरी अधिक यंत्रे त्याने चालवून दाखवली आणि स्वस्त इंटरनेट शक्य केले. त्याचा हिशेब मात्र कोणी एकत्र मांडला नाही. तो फुटकळ रकमांत सर्वत्र वाटला गेला : कुणाच्या बॅटरीत, कुणाच्या मध्यस्थ सर्व्हरच्या भाड्यात, कुणाच्या न ऐकू आलेल्या उत्तरात.

विद्यार्थिमित्रांनी एक छोटा प्रयोग अवश्य करावा. घरच्या वाय-फायला जोडलेल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आपला आयपी पत्ता पाहा. तो १९२.१६८ने किंवा १०ने सुरू होत असेल, तर आपण एका नॅटच्या मागे आहोत. मग राउटरच्या माहितीपानावर त्याचा बाहेरचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीकडे दुसरा नॅट आहे. आता वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा सुरू करा आणि पुन्हा पाहा. अपूर्णविरामांनी विभागलेला, २४०ने सुरू होणारा एक लांबलचक पत्ता दिसला, तर तो जगात केवळ आपल्याच फोनचा आहे. शेजाऱ्याचा नव्हे.